रेकॉर्ड दुर्मीळ का झाली, ते आधी विचारा

तुमच्या पत्रातले प्रश्न थोडक्यात असे. योहाना मार्टझी या व्हायोलिनवादिकेचं बाख इंटरनेटवर ऐकलं आणि झोप उडाली. तिच्या मूळ एलपींच्या किमती पाहिल्या आणि ती पुन्हा उडाली. जुन्या थोर व्हायोलिनवादकांच्या दुर्मीळ ध्वनिमुद्रिका जमवायच्या तर सुरुवात कुठून करावी, त्यात एवढा पैसा घालावा का, आणि आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या, डब्यावर ‘गजाननबुवा – व्हायोलिन’ एवढंच लिहिलेल्या स्पूलांचं, म्हणजे टेपच्या रिळांचं, काय करावं. मी वर्षानुवर्षं तबकड्या जमवतो आणि जुन्या तबकड्या-टेपा डिजिटल करून देतो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

शेवटचा प्रश्न आधी घेतो. बाकीचे दोन्ही थांबू शकतात, टेप थांबत नाही. ‘चालतेय का बघू’ म्हणून ती स्पूल घरच्या जुन्या रेकॉर्डरवर लावू नका. त्या यंत्रांचे रबरी पट्टे ढिले झालेले असतात, ब्रेक एका बाजूला ओढतात, आणि टेप एकदा ताणली गेली की तेवढा आलाप कायमचा वाकडा झाला. आधी डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर टेप ॲसिटेटची आहे आणि कुजायला लागली आहे. तिचा नंबर पहिला. वास नसेल तर रीळ उजेडासमोर धरा. थरांतून उजेड आरपार दिसला तर ॲसिटेट, काळंकुट्ट दिसलं तर बहुधा पॉलिएस्टर. ॲसिटेट जुनी झाली की ठिसूळ होते, पण तुटली तर सरळ तुटते आणि जोडता येते. पॉलिएस्टर तुटत नाही, ताणली जाते, आणि ते जास्त वाईट.

काम देताना तीन गोष्टी आधीच बोलून घ्या. पहिली डिजिटल प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर घ्यायची. तिच्यावर खरखर काढण्याचं कुठलंही सॉफ्टवेअर चालवायचं नाही. साफसफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर. आणि टेपचा वेग तपासायचा. घरगुती मुद्रणं टेप वाचवण्यासाठी बऱ्याचदा सेकंदाला पावणेचार इंच वेगाने केलेली असतात, रेडिओची बहुधा साडेसात किंवा त्याहून जास्त. डब्यावरचं, रिळावरचं, आतल्या चिठ्ठीवरचं सगळं लिखाण, अगदी पुसट पेन्सिलही, फोटो काढून ठेवा. निवेदकाचं एक वाक्य, तबलजीचं नाव, मागे वाजलेला घड्याळाचा टोला, यावरून उद्या कोणीतरी तारीख लावू शकतं.

एवढी काळजी कशासाठी? गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) गायक म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. अंतुबुवांचे चिरंजीव, ग्वाल्हेरची तालीम घरातच. पुढे वझेबुवा, भुर्जीखाँ आणि विलायत हुसेनखाँ यांच्याकडून आणखी दोन घराण्यांची विद्या घेतलेला माणूस. आज उल्हास कशाळकरांच्या गळ्यातून ती विद्या आपण ऐकतो. पण बुवांच्या हातातलं व्हायोलिन त्यांच्या गळ्याइतकंच मोठं होतं, आणि बाजारात आलेल्या ध्वनिमुद्रिकांवरून त्याचा पुरता अंदाज येत नाही. हे एकट्या बुवांचं दुर्दैव नाही. आपल्याकडे व्हायोलिन बराच काळ साथीचं वाद्य राहिलं. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळत, आणि कंपनीला त्या मिनिटांत गाणारा गळा हवा असे. त्यामुळे पाऊण तास रंगलेला यमन किंवा मालकंस व्हायोलिनवर ऐकायचा तर तो रेडिओच्या फितीवर किंवा कोणाच्या तरी दिवाणखान्यातल्या मैफलीच्या स्पूलवरच. तुमच्या ट्रंकेत जे आहे ते खरोखर बुवांचं असेल, तर त्याची दुसरी प्रत जगात नसेलही. मार्टझीच्या महागड्या एलपीच्या शेकडो प्रती तरी आहेत.

आता मूळ मुद्दा. नवा संग्राहक ‘दुर्मीळ’ हे विशेषण ऐकलं की ‘थोर’ असं समजतो. विक्रेते त्याच्या या समजुतीवर जगतात. माझा नियम साधा आहे: एखादी रेकॉर्ड दुर्मीळ आहे असं कळलं की ती दुर्मीळ का झाली, हे शोधायचं. कारणं मोजकीच असतात, आणि कारण सापडलं की ती विकत घ्यायची, नुसती ऐकायची की सोडून द्यायची, हे आपोआप ठरतं.

मार्टझीचंच घ्या. जन्म १९२४, तिमिशोआरा. बुडापेस्टला येनो हुबाय यांच्याकडे शिकलेली. बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या सहा सोनाटा आणि पार्टिटा तिने १९५० च्या दशकाच्या मध्यावर कोलंबिया या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीसाठी वाजवल्या. ३३सीएक्स १२८६, १२८७ आणि १२८८ अशा त्या तीन तबकड्या. मोनो (एकाच वाहिनीच्या) होत्या आणि फार खपल्या नाहीत. १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये स्टिरिओ तबकड्या आल्या आणि मोनो मुद्रणं हळूहळू यादीतून गळाली. तोवर तिचं त्या कंपनीशी नातंही संपलं होतं. पुढे ती मैफलींतून बरीचशी बाजूला झाली आणि १९७९ मध्ये गेली. मग जपान, कोरिया आणि युरोपातल्या संग्राहकांनी तिला पुन्हा शोधलं, तेव्हा बाजारात मोजक्या प्रती आणि मागणारे अनेक अशी अवस्था होती. आज चांगल्या स्थितीतल्या त्या संचाला हजारो पौंड पडतात. म्हणजे इथे दुर्मीळपणाचं कारण व्यापारी आहे: कमी छापल्या, कमी खपल्या, लवकर बंद झाल्या. वादन सुंदरच आहे. सरळ, न थरथरणारा स्वर, गजावर विलक्षण ताबा, चाकोनसारख्या रचनेतही कुठे आरडाओरडा नाही. पण तेच वादन मूळ टेपवरून केलेल्या सीडीवर स्वच्छ मिळतं. लिलावातला भाव हा मोसमातल्या हापूसच्या पहिल्या पेटीचा भाव असतो. आंबा त्याने गोड होत नाही.

लिओनिद कोगनच्या बेथोव्हेन कॉन्चेर्टोची (कॉन्चेर्टो म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) गोष्ट याहून मजेशीर. सिल्व्हेस्त्रीच्या संचालनाखाली, पॅरिस काँझर्व्हातवारच्या वाद्यवृंदासोबत वाजवलेली ती कोलंबियाची एसएएक्स २३८६ ही स्टिरिओ तबकडी जगातल्या महागड्या व्हायोलिन एलपींमध्ये मोडते. तेच वादन मोनोमध्येही निघालं, आणि ती प्रत स्टिरिओच्या किमतीच्या एका तुकड्यात मिळते. त्या वर्षांत ब्रिटनमध्ये स्टिरिओ यंत्र मोजक्या घरांत होतं, म्हणून स्टिरिओ प्रती कमी निघाल्या. संपला विषय! कोगन दोन्हींत तोच आहे.

काही वेळा कारण मृत्यू असतं, आणि तिथे मात्र मी हात आखडता घेत नाही. जिनेत न्यव्हो ही फ्रेंच मुलगी १९३५ मध्ये वॉर्सातल्या विएनियाव्स्की स्पर्धेत पहिली आली. वय १५. दुसरा आलेला सव्वीस वर्षांचा तरुण म्हणजे दाविद ओइस्त्राख. २८ ऑक्टोबर १९४९ रोजी अझोर्स बेटांवर विमान कोसळून ती गेली; सोबत तिचा पियानोवादक भाऊ झाँ-पोलही. मागे राहिली ती एचएमव्हीची थोडी मुद्रणं: १९४५ चा सिबेलिअसचा कॉन्चेर्टो, १९४६ चा ब्राह्म्सचा, शोसाँचं ‘पोएम’, दब्युसीचा सोनाटा, सूकच्या चार रचना, राव्हेलचं ‘त्सिगान’ आणि असंच थोडंसं. शिवाय काही रेडिओ प्रक्षेपणं. तिचा सिबेलिअस ऐका. पहिल्या ओळीतच कळतं की ही बाई काही राखून वाजवत नाही. तिचं सगळं उपलब्ध वादन थोड्याशा सीडींत मावतं, आणि त्यातलं टाकाऊ मला तरी एकही सापडलेलं नाही.

योसेफ हासिदचं तर त्याहून कमी उरलं. पोलंडमध्ये १९२३ साली जन्मलेला मुलगा, कार्ल फ्लेशचा शिष्य. १९४० मध्ये लंडनला जेराल्ड मूरच्या पियानोसोबत आठ छोट्या रचना त्याने एचएमव्हीसाठी वाजवल्या. पुढे मनाचा आजार झाला, मेंदूवर शस्त्रक्रिया केली, आणि १९५० मध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो गेला. आठच तुकडे, सगळे मैफलीच्या शेवटी वाजवायचे. एल्गरचं ‘ला काप्रिस्यूझ’, सारासातेचं ‘सापातेआदो’ वगैरे. कॉन्चेर्टो एकही नाही. आक्रोनची ‘हिब्रू मेलडी’ मी दुसऱ्या कोणाची फारशी ऐकू शकत नाही, हे कबूल करतो. त्याच्या मूळ अठ्ठ्याहत्तरच्या (मिनिटाला साधारण ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या मिळाल्या तर घ्या. त्या अजून वेड्या किमतीला गेलेल्या नाहीत, कारण शेलॅक, म्हणजे त्या जुन्या लाखेच्या तबकड्या, वाजवायची सोय फार थोड्यांकडे असते.

तिसरं कारण छोटी कंपनी. रुमानियाचा जॉर्ज एनेस्कू हा मेन्युइनचा गुरू, मोठा संगीतकार. त्याने बाखचा हाच सहा रचनांचा संच १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या काँटिनेंटल नावाच्या छोट्या कंपनीसाठी वाजवला. तेव्हा वय पासष्टीच्या पुढे, कानांचा त्रास, बोटं पूर्वीसारखी वळत नव्हती. स्वर जागोजागी हलतो. तरीही बाख कसा बोलतो हे ज्याला ऐकायचं आहे त्याने मार्टझीनंतर हे ऐकावंच. मूळ प्रती महाग आणि छपाई सुमार, त्यामुळे त्या विकत घेण्यात अर्थ नाही. पुनर्मुद्रण घ्या.

आणि शेवटचं कारण वय: वादकाचं नव्हे, तंत्राचं. योसेफ योआखिम १९०३ मध्ये बर्लिनला भोंग्यासमोर (मायक्रोफोन येण्याआधी मुद्रण भोंग्यातून होई) उभा राहिला तेव्हा ७२ वर्षांचा होता. ब्राह्म्सचा व्हायोलिन कॉन्चेर्टो १ जानेवारी १८७९ रोजी लाइपझिगला पहिल्यांदा वाजवणारा हाच. त्याच्या पाच बाजू आहेत: बाखचे दोन तुकडे, ब्राह्म्सचे दोन हंगेरियन डान्स, स्वतःचा एक रोमान्स. स्पॅनिश व्हायोलिनवादक सारासातेने १९०४ मध्ये मुद्रण केलं. त्याच्या ‘झिगॉइनरवायझन’मध्ये मध्येच त्याचा बोलण्याचा आवाज येतो, बहुधा पियानोवादकाला काहीतरी सांगतोय. बेल्जियन इझायची मुद्रणं १९१२ पासूनची, न्यूयॉर्कची. या तिघांच्या मूळ तबकड्या वस्तुसंग्रहालयाच्या योग्यतेच्या आहेत, आणि तिथेच असाव्यात. तुम्ही त्या ऐकायच्या. ऐकताना मात्र खरखरीच्या पलीकडे कान न्या. योआखिम बोटाचा कंप जवळजवळ देतच नाही, कुठे एखाद्या स्वरावर शोभेपुरता. सतत कंप देण्याची आजची सवय पुढच्या पिढीतली, मुख्यत्वे क्राइस्लरची. उलट एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं या सगळ्यांना मनापासून आवडे. विसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपातल्या शिक्षकांनी ते जुनाट ठरवून मोडीत काढलं. मींड-घसीट ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना या जुन्या लोकांकडे जायला फार वेळ लागत नाही, असा माझा अनुभव आहे. ख्यालाचे रसिक ओइस्त्राखपेक्षा क्राइस्लर आणि एल्मनपाशी लवकर रमतात.

म्हणून सुरुवात क्राइस्लरने करा, आणि ती स्वस्तात होते. बर्लिन स्टेट ऑपेराच्या वाद्यवृंदासोबत, लिओ ब्लेखच्या संचालनाखाली त्याने १९२६–२७ मध्ये बेथोव्हेन, मेंडेल्सोन आणि ब्राह्म्स हे तिन्ही कॉन्चेर्टो वाजवले. विजेवर चालणारा मायक्रोफोन १९२५ मध्येच आला होता, त्यामुळे आवाजही ऐकण्याजोगा. बेथोव्हेनमधला कॅडेंझा (वाद्यवृंद थांबल्यावर एकट्याने वाजवायचा भाग) त्याचा स्वतःचा. आज निम्मं जग तोच वाजवतं. हाच गृहस्थ वर्षानुवर्षं पुन्यानी, कूपराँ वगैरे जुन्या संगीतकारांच्या नावावर स्वतःच्या रचना वाजवत होता. १९३५ मध्ये त्याने ते उघड केलं तेव्हा काही समीक्षकांची चांगलीच पंचाईत झाली. मग हायफेट्झ. २७ ऑक्टोबर १९१७ ला कार्नेगी हॉलमध्ये पहिला कार्यक्रम, आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेतली पहिली मुद्रणं. हायफेट्झ दुर्मीळ नाही. आरसीए कंपनीने त्याच्या एवढ्या तबकड्या काढल्या की अमेरिकेत त्या अजूनही किरकोळ भावात मिळतात. ज्याच्याकडे बीचमच्या संचालनाखालचा हायफेट्झचा १९३५ चा सिबेलिअस नाही, पण मार्टझीची मूळ एलपी आहे, असा संग्रह मला थोडा हास्यास्पद वाटतो.

मेन्युइन आपल्याकडे सर्वांत सहज सापडतो. एक तर त्याच्या एचएमव्ही तबकड्या कोलकात्याजवळ दमदमच्या कारखान्यात छापल्या जात. दुसरं, १९५२ मध्ये नेहरूंच्या निमंत्रणावरून तो भारतात आला, दुष्काळनिधीसाठी वाजवलं, आणि मुंबईत पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांना भेटला. त्या भेटीतून जे गुरु-शिष्याचं नातं जुळलं त्यानेच अय्यंगारांचा योग पश्चिमेत पोहोचला. त्यामुळे मुंबईच्या पारशी आणि गोवन घरांत मेन्युइनच्या तबकड्या हटकून असत. उतारवयातला मेन्युइन कधी कधी केविलवाणा वाटतो, हे खरं. पण सोळाव्या वर्षी, १९३२ मध्ये, खुद्द एल्गरच्या संचालनाखाली वाजवलेला एल्गरचा कॉन्चेर्टो, किंवा १९३४ ते ३६ मधला बाखचा संच ऐका. तो संच पूर्ण मुद्रित करणारा पहिला वादक तोच.

मुंबईत या संगीताची मुळं किती खोल होती, हेही या निमित्ताने लक्षात घ्या. मेहली मेहता या स्वतः व्हायोलिन वाजवणाऱ्या पारशी गृहस्थाने १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या पोरांना व्हायोलिन शिकवलं जाई, आणि तीच पोरं पुढे मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसली. चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात एखाद्या ढिगात अचानक थिबो, एल्मन, सिगेटी असे जुने व्हायोलिनवादक निघतात ते या घरांतून आलेले असतात. ढिगात हात घालण्याआधी विक्रेत्याला मात्र ‘व्हायोलिन आहे का?’ असं विचारू नका. ‘इंग्लिश वाद्यसंगीत’ म्हणा. त्याच्या लेखी ते रद्दीच्या भावाचं असतं.

तबकडी हातात घेतली की काय बघायचं? एकट्या व्हायोलिनची तबकडी ही सर्वांत आधी खराब होते आणि सर्वांत उशिरा तशी दिसते. वाद्यवृंदाच्या गदारोळात ओरखडे लपतात. एका तारेच्या लांब स्वराखाली काही लपत नाही. आपल्याकडच्या बहुतेक एलपी जड पिकअपच्या पोर्टेबल प्लेअरवर वाजलेल्या असतात. चकाकी शाबूत दिसते, पण खाचेच्या भिंती घासलेल्या असतात, आणि सर्वांत वरच्या तारेचे स्वर फाटून येतात. म्हणून ऐकून घेता येत असेल तर सुरुवात ऐकू नका. बाजूच्या शेवटी, लेबलजवळ, जिथे स्वर उंच चढतो तिथे सुई ठेवा. तिथे स्वर स्वच्छ असेल तर बाकी सगळं ठीक. परदेशातून मागवताना प्रतवारी ‘व्हीजी प्लस’च्या (‘व्हेरी गुड’च्या वरच्या पायरीच्या) खाली असेल तर सोलो व्हायोलिन सोडून द्या, फोटो कितीही सुंदर असोत.

मूळ छपाई ओळखायची तर लेबलपेक्षा लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीकडे बघा. ब्रिटिश ईएमआयच्या (एचएमव्ही आणि कोलंबिया तिचीच) तबकडीवर घड्याळातल्या सहाच्या जागी मॅट्रिक्स क्रमांक, नऊच्या जागी ‘मदर’चा (जिच्यावरून साचे काढतात तिचा) आकडा आणि तीनच्या जागी साच्याची अक्षरं असतात. ती अक्षरं आकड्यांसाठी वापरलेली आहेत: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे शून्य. ‘जीए’ दिसलं तर तेरावा साचा. आकडा जितका लहान तितकी प्रत आधीची. सोव्हिएत तबकड्यांचं वय त्यांच्या मानक क्रमांकावरून लागतं: लेबलावर ५२८९-६१ असेल तर ती १९६१ च्या मानकाखाली छापलेली, ५२८९-७३ असेल तर नंतरची, आणि मेलोदिया (सोव्हिएत सरकारी रेकॉर्ड कंपनी) हे नाव १९६४ च्या आधीच्या तबकड्यांवर असूच शकत नाही. ओइस्त्राख आणि कोगनच्या रशियन प्रती आपल्याकडे एकेकाळी सोव्हिएत पुस्तकांसोबत स्वस्तात येत. त्यांना बाजार अजून नाक मुरडतो. मुरडू दे, छपाई थोडी खरखरीत असते पण स्वर भरदार असतो.

वाजवण्याबाबत दोन-तीन गोष्टी पैशांहून महत्त्वाच्या. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, मोनो एलपीला २५ च्या आसपास. एलपीची सुई शेलॅकवर फिरवली तर खाचेच्या तळाला घासत नुसती धूळ वाचते. मोनो एलपीसाठी मोनो कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) घ्या. सुईच्या वर-खाली हालचालीतून येणारी खरखर त्यात आपोआप गळते, आणि घासलेली प्रतही पुष्कळ सुसह्य होते. विनाइल धुताना पाण्यात थोडं आयसोप्रोपिल चालतं. शेलॅकवर अल्कोहोलचा थेंबही नको, ते विरघळतं. (शेलॅक म्हणजे लाख, आणि ती बरीचशी आपल्याच छोटा नागपूरच्या झाडांवरची. क्राइस्लरचा बेथोव्हेन भारतातल्या लाखेवर छापून जगभर गेला.) पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आतल्या प्लास्टिकच्या पिशव्या काढून कागदी पाकिटं घाला, नाहीतर बुरशी खाचेत शिरते. तबकड्या उभ्याच ठेवा.

आणि वेग. सुरुवातीच्या तबकड्या ७८ च्या म्हणवल्या तरी प्रत्यक्षात सत्तरच्या खालपासून ऐंशीच्या वरपर्यंत कशाही असतात. ७८ च्या जागी साडेत्र्याहत्तरवर फिरवली की सगळं वादन पूर्ण अर्ध्या स्वराने उतरतं. पाश्चात्त्य रचनेत हे तपासता येतं, कारण पट्टी ठरलेली असते: योआखिमचा अदाजिओ जी मायनरमध्येच लागला पाहिजे, आणि त्या काळी ए स्वर आजच्या ४४० ऐवजी ४३५ च्या आसपास धरत, तेवढी सूट द्यायची. आपल्या व्हायोलिनची पंचाईत इथेच होते. षड्ज वादकाच्या मर्जीचा. श्रीधर पार्सेकरांची जुनी तबकडी कोणत्या वेगाने वाजवायची, हे तबल्याची थाप आणि द्रुत गतीतला गज कानाला माणसाच्या हातचा वाटतो का, यावरच ठरवावं लागतं. इंटरनेटवर जुन्या भारतीय तबकड्या जागोजागी चढ्या पट्टीत ऐकू येतात त्या यामुळे.

भारतीय बाजू तुम्ही विचारली नव्हती, पण संग्रह करणारच असाल तर तिथे तुमच्यासारख्याला खरं काम आहे. वि. गो. जोगांच्या बिस्मिल्लाखाँसोबतच्या जुगलबंदीच्या एलपी सहज मिळतात, घ्या. डी. के. दातारांच्या कॅसेट आणि सीडी अजून सापडतात. एन. राजम यांचं वादन भरपूर उपलब्ध आहे, आणि त्यांचे गुरू ओंकारनाथ ठाकूर यांच्या गायकीचं गजावर काय झालं, हे राजम यांच्या सुरुवातीच्या एलपींत सर्वांत ठळक ऐकू येतं. पण खरा ठेवा घरोघरच्या स्पूल आणि कॅसेटींत आहे, आणि तो जपानच्या लिलावात येणार नाही. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे. तिने काढलेलं नियतकालिक मिळवून वाचा, तबकड्यांचे क्रमांक आणि याद्या लावायची शिस्त त्यातून लागते.

फुकट ऐकण्याबद्दलही विचार करा. अमेरिकेत १९२३ पूर्वीची सगळी मुद्रणं १ जानेवारी २०२२ पासून हक्कमुक्त झाली. लायब्ररी ऑफ काँग्रेसने व्हिक्टर कंपनीची भोंग्याच्या काळातली हजारो मुद्रणं आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहेत. एल्मन, क्राइस्लर, कोवळा हायफेट्झ, सगळे तिथे आहेत. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं चालतो. पुनर्मुद्रणांत बिडल्फ ही मुख्यतः व्हायोलिनला वाहिलेली कंपनी, तशीच टेस्टामेंट, नॅक्सोस हिस्टॉरिकल आणि मार्स्टन. वॉर्ड मार्स्टन किंवा मार्क ओबर्ट-थॉर्न या जुनी मुद्रणं सीडीवर आणणाऱ्या तंत्रज्ञांपैकी कोणाचं नाव आवरणावर दिसलं तर डोळे मिटून घ्या. स्वस्त पुनर्मुद्रणांत खरखर इतकी पुसलेली असते की तिच्याबरोबर गजाचा तारेवरचा पहिला स्पर्शही जातो. अशी फाइल ऐकून ‘जुने लोक मऊ वाजवत’ असं मत बनवणारे मला भेटतात.

तुम्ही जी रक्कम मनात धरली आहे, ती एका मार्टझीवर उधळू नका. त्यातला पहिला वाटा स्पूलांच्या कामाला. दुसरा मोनो कार्ट्रिज आणि अठ्ठ्याहत्तरच्या सुईला. मग न्यव्होचं उपलब्ध सगळं, क्राइस्लरचे तीन कॉन्चेर्टो, हासिदच्या आठ रचना आणि मार्टझीचं बाख, हे चांगल्या सीडींवर. एवढं वर्षभर ऐकलंत की कोणाच्या मागे लागायचं हे तुम्हालाच कळेल, आणि एकाच्याच मागे लागा. उरलेल्या पैशांत मूळ तबकडी हवीच असेल तर कोगनचा तो बेथोव्हेन मोनोमध्ये बघा. स्टिरिओची किंमत विचारूही नका.